वार सगळं अडवत नाही

गरोदरपणातल्या आहारावर या सदरात लिहिलं, त्यानंतर आलेली बरीचशी पत्रं आहाराबद्दल नव्हतीच. धूर, राख, रंग, बोअरचं पाणी, फवारणी, दागिन्यांची भट्टी यांबद्दल होती. नागपूर आणि आसपासच्या गावांतून आलेल्या अशा पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

माझी सून चौथ्या महिन्यात आहे. आमची समजूत अशी की वार (प्लासेंटा) सगळं वाईट बाहेर ठेवते, पोटातलं बाळ सुरक्षित असतं. मुलगा म्हणतो तसं काही नसतं. खरं काय? (माणेवाडा)

मुलाचं बरोबर आहे, पण तुमचंही अगदीच चूक नाही. काही गोष्टी वार खरोखर अडवते. इन्सुलिनचा रेणू मोठा, तो पलीकडे जात नाही, म्हणून तर गरोदरपणातल्या मधुमेहात ते निर्धास्तपणे देता येतं. प्रश्न लहान रेणूंचा आहे.

दिवस भरत येतात तेव्हा वार साधारण अर्धा किलोची असते. तिच्यातले केसासारखे गुच्छ सपाट पसरले तर ११ ते १३ चौरस मीटर भरतील, म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. त्यावरून मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर आईचं रक्त वाहतं. आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही, मध्ये पेशींचा पडदा असतो. सुरुवातीला तो वीसेक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाड असतो, शेवटच्या महिन्यांत चार-पाच मायक्रॉनवर येतो. बाळाला अन्न आणि प्राणवायू भरपूर मिळावा म्हणून निसर्गाने तो पातळ केला. त्याच वाटेने नको ते पदार्थही जास्त जाऊ लागतात.

जाण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत आणि पुढच्या सगळ्या उत्तरांचा आधार हाच आहे. पहिली तऱ्हा झिरपण्याची. साधारण ५००-६०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) हलके आणि चरबीत विरघळणारे रेणू कोणाला न विचारता पलीकडे जातात: निकोटीन, दारू, कार्बन मोनॉक्साइड, बरीच कीटकनाशकं, प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल-ए. दुसरी तऱ्हा सोंग घेण्याची. मिथाइल पारा सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटला की तो मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखा दिसतो आणि वार त्याला अन्न समजून स्वतःहून आत ओढते. शिसं कॅल्शियमच्या वाटा वापरतं. तिसरी तऱ्हा अडकून बसण्याची: कॅडमियम वारेतच साठतं, बाळापर्यंत कमी पोचतं, पण वारेचं काम बिघडवतं. वारेच्या पेशींत काही पदार्थ परत आईकडे ढकलणारे पंपही असतात. त्यांनी अनेक औषधं काही प्रमाणात अडतात, पण धातूंसमोर त्यांचा फारसा उपयोग नाही.

आत गेलेलं बाहेर पडणंही सोपं नसतं. बाळाचं यकृत अपुरं असतं. मूत्रातून जे टाकलं जातं ते गर्भजलात येतं, आणि तेच पाणी बाळ पुन्हा गिळतं. शेवटच्या आठवड्यांत रोज अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त.

सूनबाईंचे पहिले तीन महिने झालेत. त्या काळात आईचं रक्त वारेत पूर्ण वाहत नसतं, ते दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतं. याचा अर्थ तो काळ सुरक्षित असा नव्हे. मेंदू आणि मणक्याची नळी गर्भधारणेपासून २८ दिवसांत बंद होते आणि बहुतेक अवयव तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडतात. पाळी चुकल्याचं ध्यानात येईपर्यंत यातला बराच भाग होऊन गेलेला असतो. म्हणून ज्यांना मूल हवं आहे त्यांनी पुढचं सगळं दिवस राहण्याआधीच वाचावं हे बरं.

महालमध्ये आमचा जुना वाडा आहे. बाळ येणार म्हणून खोली रंगवायला काढली. दारं-खिडक्यांवर ऑइल पेंटचे पाच-सहा थर आहेत, कारागीर पॉलिश पेपरने घासतोय. मला सहावा महिना. काही धोका?

आहे. काम आजच थांबवा. या सदरात आलेल्या पत्रांत सर्वांत तातडीचं हेच होतं.

घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, त्यातही पिवळ्या, लाल, हिरव्या अशा भडक रंगांत, शिसं याच्या कित्येक पट असू शकतं. कोरडं घासलं की त्याची बारीक पूड होते, ती जमिनीवर, पांघरुणावर, भांड्यांवर बसते आणि हातावाटे पोटात जाते. भिंतीवर फक्त चुना असेल तर त्याची काळजी नको. काळजी लाकडाची आणि लोखंडी गजांची.

काम करायचंच तर असं: तुम्ही आणि घरातली लहान मुलं काम संपून सफाई होईपर्यंत दुसरीकडे राहायला जा, शेजारच्या खोलीत नव्हे. खोलीतलं सामान बाहेर काढा, जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरा, दाराला ओलं फडकं लावा. जुना थर स्प्रेने भिजवून पत्रीने खरवडायचा. कोरडा घासायचा नाही आणि ब्लो-लॅम्पने जाळायचा तर मुळीच नाही, कारण तापवल्यावर शिशाची वाफ होते. निघालेले पापुद्रे प्लास्टिकसकट गुंडाळून पिशवीत बांधा. झाडू वापरू नका. दोन बादल्या घ्या, एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. पोछा साबणात बुडवून पुसा, साध्या पाण्यात पिळा, पाणी वारंवार बदला. काही तासांनी हवेतली धूळ खाली बसते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसा आणि तिसऱ्या दिवशी आणखी एकदा. मोडकी जुनी चौकट बंबात किंवा चुलीत घालायची सवय अनेक वाड्यांत आहे, ती इथे चालणार नाही. थर पक्के असतील, पापुद्रे सुटत नसतील, तर सर्वांत शहाणपणाचं म्हणजे त्यांना हातच लावू नका; वरून नवा, शिसं नसल्याचा उल्लेख असलेला रंग द्या.

आता शरीरात काय होतं ते. मोठ्या माणसाच्या शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत असतं आणि तिथे ते वीस-तीस वर्षं राहू शकतं. आपल्याकडे शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. त्याआधी रस्त्याकाठी वाढलेल्या मुलीच्या हाडांत त्या धुरातलं शिसं आजही असू शकतं. गरोदरपणाच्या उत्तरार्धात बाळाचा सांगाडा घडतो, त्याला कॅल्शियम लागतं. आहारातून पुरेसं मिळालं नाही की आईची हाडं झिजतात आणि कॅल्शियमबरोबर शिसंही रक्तात येतं. नाळेच्या रक्तातलं शिसं आईच्या रक्तातल्या शिशाच्या साधारण ८० ते ९० टक्के भरतं. वार त्याला जवळजवळ अडवतच नाही.

म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या टाळू नका. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देतात. मेक्सिको सिटीतल्या एका चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तातलं शिसं सरासरी ११ टक्क्यांनी कमी आढळलं. आकडा मोठा वाटत नाही, पण गोळी स्वस्त आहे आणि तशीही लागतेच. लोहाचंही तसंच: रक्त कमी असेल तर आतडं शिसं आणि कॅडमियम दोन्ही जास्त शोषतं, कारण लोहाचीच वाट ते वापरतात. लोहाची लाल गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर कॅल्शियम लोहाला अडवतं, म्हणून दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा.

धूळ अंगावर आलीच आहे, तर शिशासाठी शिरेतलं रक्त तपासून घ्या. अहवाल वाचताना एकक पाहा. मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आणि प्रति लिटर यांत दहापटीचा फरक पडतो आणि त्यावरून घरात विनाकारण रडारड होते. ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त असेल तर शिसं कुठून आलं ते शोधून बंद करायचं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं मार्गदर्शन सांगतं. रक्तातलं शिसं निम्म्यावर यायला साधारण महिना लागतो, म्हणून फेरतपासणी महिन्याने. शिसं ओढून काढणारी औषधं ४५ च्या आत गरोदरपणात सहसा देत नाहीत; ‘डिटॉक्स’च्या नावाने कोणी देऊ केली तर घेऊ नका.

बायकोला मातीचे डोहाळे लागलेत. पाटीवरची लेखणी, भाजलेली माती, कधी राखही खाते. आई म्हणते, खाऊ दे, बाळाला हवं असतं. (नंदनवन)

बाळाला माती नको असते. आईच्या शरीरात लोह कमी आहे याचं ते बहुधा लक्षण असतं. आधी हिमोग्लोबिन तपासा. मातीत आणि राखेत शिसं, आर्सेनिक आणि जंतांची अंडी यांपैकी काहीही असू शकतं, आणि लोह कमी असल्यामुळे तेच जास्त शोषलं जातं. रागावून थांबत नाही, लपून खाल्लं जातं. लोह सुरू झाल्यावर काही आठवड्यांत ओढ कमी होते. तोवर फुटाणे, मुरमुरे, भाजके शेंगदाणे असं कुरकुरीत काहीतरी हाताशी ठेवा.

याच ओघात आणखी दोन वस्तू. सुटी, डोळ्यांत भरेल इतकी पिवळी हळद घेऊ नका, कारण ती चमक लेड क्रोमेट या शिशाच्या रंगाची असू शकते. अख्ख्या हळकुंडांनाही ते चोळतात. वायगावची असो वा सांगलीची, थोडी मळकट दिसणारी बरी. आणि नागभस्म म्हणजे शिसं, रससिंदूर आणि मकरध्वज म्हणजे पारा. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात शिशाची विषबाधा झालेल्या सहा गरोदर स्त्रियांनी आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी औषधं घेतली होती. भस्म आणि रसौषधी गरोदरपणात बंद ठेवा, आणि काही घेऊन झालं असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

इतवारीत आमचं वडिलोपार्जित दागिन्यांचं काम. खाली भट्टी, वर घर. संध्याकाळी दुकान झाडून केर साठवायचं काम माझंच, केरातलं सोनं काढणाऱ्या झारेकऱ्याला द्यायचा असतो म्हणून. दुसरा महिना चालू आहे.

दागिन्यांचे सांधे अजूनही केडीएमने झाळतात का, हे आधी विचारा. केडीएम म्हणजे सोन्यात मिसळलेलं कॅडमियम. कॅडमियम ३२१ अंशांना वितळतं आणि ७६७ अंशांना उकळतं; सोनं वितळायला १०६४ अंश लागतात. सोन्याच्या मुशीच्या उष्णतेला कॅडमियमची वाफ होणारच. ती थंड होऊन बारीक पूड बनते आणि तुम्ही जो केर झाडता त्यात ती असते.

कॅडमियम वारेत मेटॅलोथायोनिन नावाच्या प्रथिनाला धरून बसतं. बाळाच्या रक्तात कमी पोचतं म्हणून निर्धास्त होऊ नका. तेच प्रथिन जस्त आणि तांबंही धरून ठेवतं, म्हणजे बाळाला जाणारं जस्त वारेतच अडकतं आणि बाळाचं वजन कमी भरतं. आईच्या मूत्रपिंडात कॅडमियम दहा ते तीस वर्षं राहतं.

उपाय तीन, महत्त्वाच्या क्रमाने. केडीएमऐवजी जस्त किंवा इंडियम वापरलेली कॅडमियममुक्त मिश्रणं घ्या. केर झाडण्याचं काम आजपासून दुसऱ्या कोणाला द्या; त्यानेही कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने टिपावं आणि फडकं सुकवून साठवावं, सोनं कुठे जात नाही. तिसरं, भट्टीवर धूर ओढणारी नळी बसवा. ती कारागिराच्या चेहऱ्याच्या वर नको, भट्टीच्या मागे किंवा बाजूला हवी, नाहीतर धूर नाकावरूनच वर जातो. छताचा पंखा हा उपाय नाही, तो वाफ सगळ्या घरात पसरवतो. यजमानांनी कामाचे कपडे खालीच बदलून वर यावं.

काटोलजवळ संत्र्याची बाग आहे. कोळशी रोगासाठी फवारणी सुरू आहे. मी फवारत नाही, फक्त पाणी आणते, औषध कालवून देते आणि ह्यांचे कपडे धुते. आठ आठवडे झालेत.

‘फक्त’ म्हणून जी तीन कामं लिहिलीत त्यांत कालवणं सर्वांत धोक्याचं. पंपात असतं ते पातळ झालेलं औषध, तुमच्या हातावर येतं ते डब्यातलं दाट. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस अशी ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकं कातडीतून सहज आत जातात. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतून झालेल्या विषबाधा विदर्भ विसरलेला नाही. ही औषधं निकामी करणारं पॅराऑक्सोनेज नावाचं एन्झाइम बाळात फार कमी असतं, त्यामुळे आईला काहीच जाणवत नाही अशा मात्रेचाही बाळाच्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो.

कालवणं बंद करा. फवारलेल्या बागेत किमान दोन दिवस, आणि चिठ्ठीवर जास्त लिहिलं असेल तर तितके दिवस जाऊ नका. झाडावर औषध वाळलं म्हणजे संपलं असं नाही, दवाने ओलं झालं की ते पुन्हा कातडीला लागतं. कपडे तुम्ही धुऊ नयेत हे उत्तम. इलाज नसेल तर कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालून आधी बाहेरच नुसत्या पाण्याने खळबळून घ्या, मग गरम पाणी आणि डिटर्जंटने दोनदा वेगळे धुवा, उन्हात वाळवा. घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. यजमानांनी अंघोळ करूनच घरात यावं. रिकामा डबा कितीही चांगला दिसला तरी पाण्यासाठी वापरायचा नाही, छिद्र पाडून टाकायचा.

डब्यावरचा त्रिकोण पाहायला शिका: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल त्रिकोणाचं औषध घरात आणूच नका. डोकं दुखून घाम येणं, तोंडाला लाळ सुटणं, बाहुल्या बारीक होणं, स्नायू उडणं यांतलं काही झालं तर कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि डब्यासकट दवाखाना गाठा. डबा दिसला की डॉक्टरांचा वेळ वाचतो.

संत्रं खायला हरकत नाही, साल जाते. पण सोलण्याआधी धुवा, सालीवरचं हाताला आणि हातावरचं फोडीला लागतं. पालेभाजी आणि द्राक्षांसाठी एक लिटर पाण्यात खाण्याचा सोडा १० ग्रॅम, म्हणजे दोन चहाचे चमचे, घालून बारा ते पंधरा मिनिटं भिजवा आणि वाहत्या पाण्यात धुवा. वरवरचं जातं, झाडाच्या आत शोषलेलं जात नाही.

लेक बाळंतपणाला माहेरी येतेय, डिसेंबरात. आमच्याकडे शेक-शेगडी असते, खोली बंद ठेवून कोळसे आणि ओव्याची धुरी. हल्ली डॉक्टर नको म्हणतात. आम्ही चार पोरं अशीच वाढवली. (सावनेर)

शेक हवा तर गरम पाण्याची पिशवी घ्या, ऊब तीच मिळते. बंद खोलीतली कोळशाची शेगडी मात्र नको, बाळंतपणाआधीही आणि नंतरही. आणि हा जुन्या-नव्याचा वाद नाही.

अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट धरतो. वारेतून तो सहज पलीकडे जातो, आणि बाळाचं हिमोग्लोबिन आईपेक्षाही जास्त घट्ट धरणारं असल्यामुळे बाळाच्या रक्तात त्याचं प्रमाण आईपेक्षा जास्त होतं आणि बाहेर पडायलाही जास्त वेळ लागतो. आईला बरं वाटू लागलं तरी बाळाचं संपलेलं नसतं, म्हणून रुग्णालयात प्राणवायू नेहमीपेक्षा जास्त वेळ देतात.

लक्षणं फसवी असतात: डोकं दुखणं, मळमळ, चक्कर. गरोदर बाईला हे होतंच, असं म्हणून सगळे गप्प बसतात. बोटाला लावायचं ऑक्सिमीटरही फसवं, कारण त्याला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन प्राणवायूचंच वाटतं आणि आकडा ९८ दिसतो. घरातल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखलं आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर थांबलं, तर संशय घ्या. बाथरूममधला गॅस गिझर हे याच वायूचं दुसरं ठिकाण. तो बाहेर बसवा आणि नळाने पाणी आत आणा.

मच्छरांच्या अगरबत्तीबद्दलही पत्रं आहेत. एका कॉइलमधून निघणारी बारीक धूळ ७५ ते १३७ सिगारेटींइतकी असल्याचं २००३ च्या एका अभ्यासात मोजलं गेलं होतं. डेंग्यूही परवडणारा नाही, म्हणून मच्छरदाणी. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करा, नुसतं पाणी बदलून कडेला चिकटलेली अंडी जात नाहीत.

आमच्या भागात बोअरचंच पाणी. सासरे म्हणतात उकळून प्या, सगळं जातं. (हिंगणा)

जंतू जातात. नायट्रेट आणि फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटून निम्मं झालं तर ते दुप्पट होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर, फ्लोराइड १ आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५, शिसं ०.०१ अशा मर्यादा आहेत. फ्लोराइड वारेतून पलीकडे जातं. नायट्रेटचा मोठा धोका जन्मानंतरचा: सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला त्या पाण्यात वरचं दूध कालवून दिलं की बाळ निळं पडू शकतं. आईचं दूध पाजत असाल तर तो प्रश्न बराचसा मिटतो.

पाणी तपासायला देताना पंप पाच मिनिटं चालू ठेवा, मग त्याच पाण्याने तीनदा खळबळलेल्या स्वच्छ प्लास्टिकच्या कॅनमध्ये दोन लिटर भरा. धातू तपासायचे तर बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या, तिच्यात आम्ल घातलेलं असतं. आरओने नायट्रेट आणि फ्लोराइड दोन्ही बऱ्यापैकी निघतात, यूव्हीने नाहीत. जाळी जुनी झाली का, हे आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजून कळतं. फ्लोराइडसाठी तुरटी आणि चुन्याची नालगोंडा पद्धत आपल्याच नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने विकसित केली, पण मात्रा पाण्याच्या क्षारतेवर ठरते. अंदाजाने तुरटी टाकाल तर पाण्यात ॲल्युमिनियम उरेल.

कोराडीच्या वीज केंद्राजवळ राहतो, गच्चीवर राख बसते. तिचं बाळापर्यंत काय जातं?

मोठे कण नाकात-घशात अडतात. अडीच मायक्रॉनच्या आतले फुप्फुसात खोल जातात आणि त्यांतले सर्वांत बारीक रक्तात उतरतात. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१९ साली वारेच्या बाळाकडच्या बाजूला काजळीचे कण दाखवले. २०२२ मध्ये ते गर्भाच्या अवयवांतही सापडले. कण पोचले नाहीत तरी आईच्या शरीरात सूज येते, वारेतला रक्तपुरवठा कमी होतो आणि बाळ लहान राहतं.

गच्ची झाडू नका, पाणी मारून धुवा. राख पडत असताना कपडे बाहेर वाळत घालू नका. बाहेर पडावंच लागलं तर नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क. ओढणीने बारीक कण थांबत नाहीत. थंडीत पहाटे फिरायला जाऊ नका. तेव्हा थंड हवेचा थर खाली बसून धूर दाबून ठेवतो, ऊन चढल्यावर निघा. मे महिन्यात मात्र पहाटेच, नऊनंतर नागपुरात कोण फिरणार?

मासे बंद करावेत का? पारा असतो म्हणे.

बंद करू नका. बाळाच्या मेंदूला लागणारी चरबी माशांत असते. रोहू, कतला, बांगडा, तारली, कोळंबी आठवड्यातून दोन-तीनदा चालेल. मोरी, मोठी सुरमई, मोठा ट्यूना टाळा, कारण मोठा मासा लहानांना खाऊन पारा साठवतो. तो शिजवून जात नाही. आईच्या तुलनेत नाळेच्या रक्तात मिथाइल पारा साधारण १.७ पट असतो. जपानातल्या मिनामाता इथे, जिथला आजार १९५६ साली अधिकृतपणे नोंदला गेला, स्वतः फारशा आजारी नसलेल्या आयांची मुलं मेंदूला इजा घेऊन जन्मली. तिथल्या घरांत नाळ वाळवून जपून ठेवायची रीत होती; पुढे त्याच नाळांतला पारा मोजून पुरावा मिळाला. शरीरातला मिथाइल पारा निम्म्यावर यायला पन्नासेक दिवस लागतात, म्हणून मोठे मासे दिवस राहण्याच्या चार-सहा महिने आधीपासून सोडावेत.

खर्रा थोडा थोडा चालतो का?

नाही. धूर नाही म्हणून तंबाखूतलं निकोटीन कमी होत नाही. ते झिरपून बाळाकडे जातं आणि बाळाच्या रक्तात आईपेक्षा किंचित जास्तच भरतं. तंबाखूचं झाड जमिनीतून कॅडमियमही ओढतं. खर्ऱ्यातल्या चुन्याने निकोटीन तोंडातून अधिक वेगाने शोषलं जातं. यजमानांचीही सवय सुटावी म्हणून दोघांनी मिळून तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर फोन करा, फुकट आहे.

पन्नीतून गरम तर्री आणतो. प्लास्टिक पोटात जातं का?

गरम आणि तेलकट, प्लास्टिकमधली रसायनं सुटायला याहून चांगली संधी नाही. स्टीलचा डबा घेऊन जा. बिस्फेनॉल-ए शरीरातून काही तासांत निघून जातं, म्हणून सवय बदलल्याचा फायदा दोन दिवसांत होतो. शिशासारखी वर्षं लागत नाहीत. बाळाच्या यकृताला मात्र ते निकामी करायला वेळ लागतो.

‘हेवी मेटल पॅकेज’ चार हजारांत करून देतात. घ्यावं? आणि शरीरात इतकं विष असेल तर अंगावर पाजावं का?

सरसकट घेऊ नका. केसांची तपासणी गरोदरपणातल्या निर्णयासाठी निरुपयोगी आहे. औषध देऊन मग लघवी तपासतात त्यावर तर विश्वासच ठेवू नका, त्यात धातू सगळ्यांनाच जास्त दिसतात. रंगकाम, बॅटरी, भट्टी, भस्म, माती खाणं यांपैकी काही असेल तर फक्त रक्तातलं शिसं पुरे. आर्सेनिकसाठी लघवी द्यायची असेल तर आधीचे चार दिवस समुद्रातले मासे, कोळंबी खाऊ नका, नाहीतर आकडा उगाच फुगतो.

अंगावर पाजा. चरबीत साठलेले जुने डीडीटीसारखे पदार्थ दुधातून जातात हे खरं, तरीही दुधाचा फायदा मोठा आहे, शिवाय वरचं दूध ज्या पाण्यात कालवाल ते पाणी कोणतं हाही प्रश्न उरतोच. रक्तातलं शिसं ४० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत असेल तर पाजायला हरकत नसते. पाजत असताना वजन उतरवण्यासाठी कडक उपास मात्र करू नका. चरबी झपाट्याने उतरली की तिच्यात साठलेलं सगळं दुधात येतं. कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने चालू ठेवायच्या असतात.